तणमोरासाठी खड्ड्यात बसलेले अप्पा

मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते एका खड्ड्यात बसले होते. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळते. पण घडले ते असे.

मी तेव्हा कंधार तालुक्यात नवा वनरक्षक. माळरानावर झाडे लावायला सरकारी निधी आला होता, आणि सुतळी धरून सरळ रांगेत खड्डे घेतल्याचा मला कोण अभिमान! देगलूरहून बदलून आलेले आमचे नवे वनपाल, म्हणजे अप्पा, पाहणीला आले आणि इस्त्रीच्या गणवेशासह थेट खड्ड्यात उतरले. म्हणाले, "ये खाली. गप बस."

चिखलात बसलो. बऱ्याच वेळाने समोरच्या गवतातून एक काळे-पांढरे पाखरू टुणकन वर उडाले आणि परत गवतात बुडाले. पुन्हा उडाले. तो तणमोर होता. साऱ्या देशात आता मोजकेच उरलेत.

"मादीला बोलवून राहिला त्यो," अप्पा हळूच म्हणाले. "ह्याला मोकळं गवत लागतंय. हिथं झाडं झाली की त्यावर ससाणे बसतेत अन् पिल्लं उचलतेत. तू ह्याचं घर मोडून राहिलास, बाबा."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अप्पांनी त्याच दिवशी काम थांबवले. झाडांचा निधी परत घ्या आणि गवत राखायला द्या, असे वर कळवले. साहेब भडकले, "निधी परत करणारा पहिलाच शहाणा पाहिला!" निधी गेला. गवतासाठी मात्र लेखाशीर्षच, म्हणजे सरकारी हिशेबात खर्चाचे खातेच नाही, असे उत्तर आले. "न्हाई तर काढा की!" अप्पांनी साहेबांच्या तोंडावर सांगितले. अप्पा तसे तापटच. मग ते धनगरवाडीत जाऊन बसले आणि तणमोराचा पट्टा दसऱ्यापर्यंत कुणी चारायचा नाही, असे धनगरांशी ठरवून आले. ते ठरलेले आजही पाळले जाते.

गवताच्या निधीचा प्रस्ताव दरवर्षी गेला आणि दरवर्षी 'त्रुटी दूर करून फेरसादर करावा' असा शेरा घेऊन परत आला. अप्पा निवृत्त झाले, तरी कापडी पिशवीत ती फाइल घेऊन एसटीने नांदेडला जातात.

माझ्या पत्नीचे ऑपरेशन ऐन श्रावणात निघाले. तेव्हा निवृत्त अप्पांनी, गुडघे दुखत असताना, आठ दिवस माझा माळ पायी राखला. रोज संध्याकाळी फोन यायचा, "सूनबाईची तब्येत कशी हाय? हिकडं पाखरू बरं हाय. तू हलू नको तिथून." दवाखान्याच्या जिन्यात मी रडलो होतो, अप्पा. आपल्याला कधी सांगितले नाही.

गेल्या साली निधी मंजूर झाला, पण एकाच वर्षासाठी. मी पेढे घेऊन धावलो. "पेढे राहू दे," ते म्हणाले, "पुढच्या सालचं काय?"

पुढचे साल लागले आहे, आणि फाइल अजून वरच आहे. म्हणून आम्हा साऱ्यांच्या वतीने मागणे इतकेच, की अप्पांना शंभरी लाभो आणि त्यांचे गुडघे खणखणीत राहोत. आम्ही बाकीचे सारे खड्डे बुजवले, तो एक तेवढा ठेवला आहे. अप्पा, फाइल पुन्हा परत आली तर त्यातच बसू. या वेळी आधी मी उतरतो.