मुतवल्लींचे ओठ

शहिराचं एडिटिंगचं दुकान मन्सूरा शहरात आमच्या रसाच्या दुकानाच्या माडीवर आहे. लग्नाच्या फिल्म ती जोडते, आणि तिचा चुलतभाऊ बिशर शूटिंगला जायचा. माझी तिची लहानपणापासूनची मैत्री, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आमच्याच गल्लीतली रनीम औषधांचं दुकान चालवायची. तिच्या लग्नात सासरे मुतवल्ली (हज करून आलेले, म्हणून सगळे त्यांना हाज्ज म्हणतात) माइक हातात घेऊन म्हणाले होते, "सूनबाईचं दुकान चालूच राहील. आमच्या घरात तिला कोणी अडवणार नाही." पुढे काही महिन्यांतच त्यांनी तिला घरी बसायला सांगितलं. रनीमने शहिरानेच जोडलेली लग्नाची फिल्म लावून दाखवली, तर हाज्ज म्हणाले, "हे मी बोललोच नाही. बघ, तोंड एक बोलतंय आणि आवाज दुसरं."

दुसऱ्या दिवशी ते शहिराच्या दारात उभे.

"मुलीकडच्या गल्लीतली ना तू? किती जणींनी मिळून शिवलंत हे?"

"हाज्ज, आधी बसा तरी."

"बसायला नाही आलो. बाकीची फिल्म काचेसारखी स्वच्छ, आणि माझंच तोंड तेवढं धुरकट. ते का?"

कारण शहिराला ठाऊक होतं. त्या भाषणाच्या वेळी बिशरचा कॅमेरा बंद होता, म्हणून रनीमच्या बहिणीने फोनवर घेतलेलं चित्रण तिने मध्ये घातलं होतं. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो, ठरलेली. फोन तीसच्या आसपास घेतो, आणि उजेड कमी झाला की त्याहूनही कमी. त्यात ते चित्रण या फोनवरून त्या फोनवर फिरून बारीक झालेलं. शहिराने घाईत तेच ताणून मोठं केलं आणि कॅमेऱ्याच्या वेगात बसवलं. चित्र मागे पडलं, आवाज पुढे गेला. तिने हे समजावलं.

हाज्ज म्हणाले, "चोर पकडला की असंच काहीतरी सांगतो."

ते गेल्यावर शहिरा माझ्याकडे खाली आली. उसाचा रस समोर तसाच ठेवून म्हणाली, "नेमका त्याच वेळी कॅमेरा का बंद पडावा? बिशर म्हणतो बॅटरी संपली. पण पुढचं नाचगाणं सगळं आहे."

"बदलली असेल बॅटरी."

"की पुरावा राहू नये म्हणून हाज्जनी त्याला आधीच काही सांगितलं होतं?"

तो किडा तिच्या डोक्यातून जाईना. बिशर चहा घेऊन आला तरी ती त्याच्या हाताकडे संशयाने बघायची. तरी काम तिने केलं. बहिणीच्या फोनमधलं मूळ चित्रण मागवलं, आधी त्याचा वेग एकसारखा करून घेतला, मग शब्द न् शब्द ओठांशी जुळवला. ताणून मोठं न करता, होतं तेवढंच चौकटीत ठेवलं.

हाज्ज बायकोला, उम्म करीमना, म्हणजे करीमच्या आईला, घेऊन आले. रनीमही होती. त्यांनी ते दोनदा पाहिलं.

"हल्ली यंत्रं काहीही बोलायला लावतात," हाज्ज म्हणाले.

शहिरा चित्रण पुन्हा सुरुवातीला न्यायला लागली.

तेवढ्यात उम्म करीम म्हणाल्या, "यंत्राचं राहू द्या. मी तुमच्या शेजारी बसले होते. तुम्ही हे बोललात."

"मग इतके दिवस गप्प का होतीस?"

"मला विचारलंत कुणी? सगळे पडद्यालाच विचारत होते."

हाज्जनी जपमाळ खिशात टाकली. मग रनीमकडे न बघताच म्हणाले, "शनिवारपासून उघड दुकान."

ती मंडळी गेल्यावर शहिराने बिशरला सरळ विचारलं. तो म्हणाला, बॅटरी संपलीच नव्हती; दुसऱ्या स्टुडिओचा फोन आला होता नोकरीसाठी, म्हणून तो बोलायला बाहेर गेला. "भाषणं कोण बघतं, म्हणून बंद केला कॅमेरा."

"मला वाटलं, तू हाज्जना सामील होतास."

"असं वाटलं तुला? माझ्याबद्दल?"

त्याच आठवड्यात तो त्या स्टुडिओत कामाला गेला. आता ईदलाच घरी येतो आणि शहिराशी जेवणापुरतं बोलतो. ती मात्र अजून म्हणते, "फोन आला असेल गं. पण कुणाचा?"