तीन महिने काही न मागवणारा ग्राहक

मुलांनो, परवा मी फोनवर काही विचारलं आणि तुम्ही दोघं म्हणालात, "आजी, एआयला विचार ना." तेव्हापासून शिरगावच्या आमच्या इमारतीखाली बाकावर बसणारी ती मुलगी आठवते आहे. नाव मी कधी विचारलं नाही.

ती घरपोच औषधं देणाऱ्या कंपनीत होती. आकड्यांचे तक्ते तयार करायचे आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ लिहून ठेवायचा, हे तिचं काम. त्यावरून कंपनीचा एआय साहेबांना उत्तरं देई. लिहिलेलं वाक्य ती ओठांतल्या ओठांत वाचून बघायची.

एकदा तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "आजी, तुमचं इंग्लिश पक्कं आहे. हे बघता?"

तीन महिने काही न मागवणारा ग्राहक आपल्याला सोडून गेला असं समजावं, असं तिथे होतं.

"कशावरून? बरा झाला असेल. फोन करून विचारा की," मी म्हणाले.

ती हसली. "आधी सगळे मलाच फोन करायचे, हा आकडा कसा आला म्हणून. आता त्या एआयला विचारतात. तो माझंच लिहिलेलं सांगतो, आणि बरोबर सांगतो. दिवसभर माझ्या कानावर कोणाचा आवाज नाही, आजी."

मग तिने वाक्यात भर घातली: आधी फोन करून विचारावं.

दिवाळीनंतर ती भाड्याची खोली सोडून गेली. मी तिच्याच कंपनीकडून गोळ्या मागवायची. डॉक्टरांनी त्या बंद केल्याला तीन महिने झाले. काल कंपनीतून फोन आला, "आजी, बऱ्या आहात ना?" आवाज दुसऱ्याच मुलीचा होता.

म्हणजे तिचं ते वाक्य अजून तिथे आहे.