माहेरचे चौदा किलो

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी कसं झालं, हे आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीतला वजनकाटा सांगायचा. गल्ली सोलापुरातली, दोन्ही बाजूंना कापडाचे माग. दिवसभर खडखडाट चालायचा, त्यामुळे बायका मोठ्यानंच बोलायच्या आणि कुणाचं काही गुपित राहायचं नाही. बाळंतीण लेक तीन महिन्यांनी सासरी निघाली की जाण्याआधी तिची आई तिला गिरणीत न्यायची आणि ज्वारीचं पोतं ज्या काट्यावर चढायचं, त्याच काट्यावर उभी करायची. गिरणीवाला आकडा ओरडून सांगायचा. माझ्या वेळी लग्नाआधीच्या वजनापेक्षा चौदा किलो जास्त भरले, आणि माझ्या आईनं गिरणीतल्या सगळ्यांना चहा पाजला.

तिच्या या आनंदामागं कारण होतं. लग्नात मी फारच बारीक होते. सासरच्या कुणीतरी हसत हसत विचारलं होतं, "मुलीला जेवायला घालता की नाही?" बाकीचे तिथंच विसरले. आई विसरली नाही.

त्या तीन महिन्यांची मला अजून आठवण येते. बाळाला धुरी दिली की ओव्याचा वास खोलीभर राहायचा. आई माझी पाठ तेलानं अशी रगडायची की मी ओरडायचे आणि मग तिथंच झोपी जायचे. सकाळी अळिवाची खीर, मधल्या वेळी डिंकाचा लाडू, जेवणात भाकरी तुपात बुडालेली. किती वाढू, असं आईनं मला कधी विचारलंच नाही. 'पुरे' हा शब्द तिला ऐकू यायचा नाही. मी कुरकुर करायचे आणि सगळं संपवायचे. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, गिरणीही बंद पडली. पण इतके लाड मग कुणी केले नाहीत, हे खरंच आहे.

मी होटगीला सासरी परत गेले. नवरा रेल्वेत, दोन खोल्यांचं क्वार्टर. अंगावर आलेलं माहेर तसंच राहिलं. ब्लाउज उसवले, चालताना दम लागू लागला. पण वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटायचं, कारण आता मला कुणी काडी म्हणत नव्हतं. मोठा अजून नीट बोलतही नव्हता, तेवढ्यात दुसऱ्यांदा दिवस गेले.

सातव्या महिन्यात बीपी वाढलेलं निघालं. सोलापूरच्या दवाखान्यात आई माझ्याबरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बीपी मोजलं आणि विचारलं, "पहिल्या खेपेला, अगदी सुरुवातीला, वजन किती होतं तुझं?"

मी आठवत होते, तोवर आई पुढं सरसावली. "लई बारीक होती ओ. हे समदं माझ्या हातचं हाय. चौदा किलो." आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. "आई, तेच वजन उतरलं नाही आणि त्यावर दुसरी खेप आली. दोन खेपांच्या मधे वजन असं वाढलं की बीपी चढायचा धोका वाढतो. तेवढं एकच कारण असेल असं नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता उपाशी राहून वजन कमी करायला जाऊ नकोस. गोळ्या चुकवायच्या नाहीत. डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडावर सूज आली, तर थांबायचं नाही, निघून यायचं. तुलाही धोका आहे आणि बाळालाही."

रिक्षात आई गोळ्यांची पाकिटं पुन्हा पुन्हा मोजत होती.

दवाखाना जवळ म्हणून मी माहेरीच राहिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं आईनं सगळं केलं. शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर गेला, पापड-लोणचं बंद झालं, आमटीतलं मीठ घरादारालाच कमी झालं. फक्त ती मला वाढेना. पातेलं समोर ठेवायची, "तुजं तू घे," म्हणायची आणि मागच्या अंगणात निघून जायची. आमच्या घरात हे वाक्य भांडण झाल्यावरच निघायचं. मलाही रागच आला. बीपी माझं, जीव टांगणीला माझा, आणि तोंड फिरवून बसलीय ही.

"अगं, त्या म्हणाल्या ना, तेवढंच कारण नसतं म्हणून," मी एकदा म्हटलं.

"ऐकलं की मी," ती म्हणाली. पुढचं कानडीत पुटपुटली. ती अक्कलकोटकडची, मनाला फार लागलं की मराठी सोडायची.

शेजारणी यायच्या. "या बारीला गिरणीचा काटाच मोडतोय बग," म्हणायच्या. एरवी आई खळखळून हसली असती. आता ती उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घ्यायची. रात्री माझे सुजलेले पाय मात्र उशीवर ठेवून जायची, मी झोपलेय असं समजून.

नववा लागायच्या आधीच एका दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं आणि खिडकी धुरकट दिसू लागली. मी "आई" एवढंच म्हटलं. तिनं मोठ्याला शेजारणीच्या कडेवर दिलं आणि अनवाणीच रिक्षा थांबवली. दवाखान्यात बीपी उतरेना, सिझेरियन ठरलं. मला आत नेलं. बाहेर आई येईल त्याला एकच सांगत होती, "माझ्यामुळं झालं, मी केलं हे." हे मला नवऱ्यानं नंतर सांगितलं. मुलगी झाली, एवढीशी. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि तगली. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे.

बीपी लगेच खाली आलं नाही. घरी सोडलं तेव्हाही गोळ्या चालूच होत्या. मी उंबरा ओलांडला तर स्वयंपाकघरात लाडूचा डबा नव्हता की डिंक तळल्याचा वास नव्हता. आईनं ताट मांडलं. भाकरी, दुधी, वरण. या वेळी ती अंगणात गेली नाही. तुपाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसली, चमचा भरला, आणि तो तसाच हातात धरून राहिली.

"किती घालू गं?" तिनं विचारलं.

"घाल की तुझ्या अंदाजानं."

"माझ्या अंदाजानं तू जात हुतीस की गं," ती म्हणाली.

इतके दिवस भीतीनं आलं नव्हतं, ते रडू मला तेव्हा आलं. मी तिचं मनगट धरलं आणि चमचा भाकरीवर कलता केला. अर्धं तूप पडलं. उरलेलं तिनं वाटीत परत ओतलं, आणि मग मला घास भरवायला सुरुवात केली.