समुद्रात राहिलेल्याची घागर

आखाजी जवळ आली, की ते प्रकरण अजून जिवाला लागतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या बुऱ्हाणपूरकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. दुपारी मुलगा आगारी टाकतो, म्हणजे निखाऱ्यावर पितरांचा घास ठेवतो, आणि मगच घरातले जेवतात. वर्षभरात कुणी गेलं असेल, तर ती त्याची पहिली घागर. ती कुणी चुकवत नाही.

मी तेव्हा ठाणेप्रमुख होतो. सण होऊन आठवडा झाला असेल, केळीची शेती असलेलं एक जोडपं गुमशुदगीची, म्हणजे मुलगा बेपत्ता झाल्याची, नोंद करायला आलं. एकुलता मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला. आखाजीला येतो म्हणाला होता, आला नाही, फोन बंद. कंपनी म्हणत होती, तो सणाआधीच सुट्टीवर गेला. सगळं बापच सांगत होता. उठताना आई एवढंच म्हणाली, "साहेब, तो जित्ता आहे का नाही, तेवढं सांगा. मी वाट पाहू, का त्याची घागर भरू?"

मी नोंदीवर सही केली.

पुढे ठाण्याच्या फोनवर एक घाबरलेला आवाज आला. मुलगा घरी निघालाच नव्हता. कठड्याची साखळी तुटली आणि तो समुद्रात पडला. कंपनीला शेजारी आणखी एक विहीर खोदायची होती. कोळ्यांनी हरकत घेतलेली, सुरक्षेच्या प्रश्नावर परवाना अडलेला, सुनावणी तोंडावर. फलाटावर माणूस मेला हे कळलं असतं, तर परवाना हातचा गेला असता. म्हणून त्याला कागदावर सुट्टी देऊन टाकली. एवढं सांगून फोन ठेवला.

निनावी फोनवर प्रकरण उभं राहत नाही. त्यात चौकशी सुरू होताच एक साक्षीदार आपणहून हजर झाला. हा इथलाच, पोरांना फलाटावर कामाला लावून देणारा एजंट. न बोलावता ठाण्यात येणारा माणूस एक तर फार भला असतो, नाहीतर कुणीतरी पाठवलेला असतो. त्याने तारीख सांगितली, ती नेमकी आखाजीची. "भर दुपारी चांदनी स्टेशनवर पाहिलं ना सर त्याला! सोबत चाय प्यायलो. सुरतला चाललो म्हणे, घरी नको सांगू. कसम से!"

पुन्हा पुन्हा विचारलं, शब्द न बदलता तेच. खरं सांगणारा माणूस अडखळतो, आठवतो. हा पाठ म्हणत होता. स्टेशनचं फुटेज पुसलं गेलं होतं. मला अशी चीड आली म्हणता! पण ओरडून काय मिळणार? हवालदाराला म्हटलं, जबाब लिहून घ्या.

"वडिलांचं नाव?" हवालदाराने रिवाजाप्रमाणे सुरुवात केली.

एजंटने नावाआधी 'कैलासवासी' लावलं.

"कधी वारले?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर, सर."

"भाऊ किती?"

"मी एकटाच."

मी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे यंदा बापाची पहिली घागर. आणि तू भर दुपारी चांदनीला चहा पीत होतास. मग आगारी कोणी टाकली रे?"

त्याचा चेहरा उतरला. तारीख कंपनीच्या माणसाने ठरवलेली. त्याला आखाजीशी काय देणंघेणं! काकांनी टाकली, एवढं म्हणाला असता तरी निभावलं असतं. पण बापाच्या घागरीवर खोटं त्याच्या तोंडून निघेना. "मीच टाकली, साहेब," तो रडायलाच लागला. "दिवसभर घरीच होतो."

त्या जबाबावर पुढची चक्रं फिरली. फलाटावरचे सोबती बोलू लागले, जबाबदार अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, परवाना रोखला गेला. देह मात्र मिळाला नाही.

पुढच्या आखाजीला त्या घरून निरोप आला. गेलो. आई ओट्यावर रिकामी घागर घेऊन बसली होती. "मला कुणी काही दाखवलं नाही, साहेब. तुम्ही सांगा, मग भरते."

कोर्टात शपथेवर मी पुष्कळ साक्षी दिल्या. एवढी जड एकही नव्हती. मेलेल्याला कागदावर जिवंत ठेवलं, की घरच्यांना धड रडताही येत नाही, हे मी त्या ओट्यावर शिकलो.

"भरा, आई," मी म्हणालो. "तो गेला."

तिने घागर भरली. आगारी टाकायला घरात मुलगा नव्हता. मग बापच उठला आणि त्याने पोराचा घास निखाऱ्यावर ठेवला.