एका बटणाचा एक सदरा

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात इस्त्रीवाल्या मावशीने पडद्याआडून सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं. इस्त्रीच्या दुकानात सुटे पैसे नसले की सासरे गिऱ्हाइकाला कोटाचं काळं बटण द्यायचे. बटण आणा, एक सदरा इस्त्री करून न्या. पुढे वाणीही ती बटणं घ्यायला लागला, तसे सासरे चेकाळले.

"डबाभर बटणं आहेत घरात. राजे झालो आपण!"

"राजे कसले? एक बटण म्हणजे एक सदरा. तेवढे सदरे इस्त्री करायला तुमचे वडील येणार आहेत का?"

मावशीने हे मनात पक्कं धरलं. दुकान तिच्याकडे आलं तेव्हा तिने हाताला झेपतील तेवढीच बटणं बाहेर सोडली. गल्लीत सगळ्याचे भाव भडकले, पण एका बटणाला एक सदरा, हे काही ढळलं नाही. न्हावी तर बटणावर दाढी करी.

तिचा भाचा कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, "मावशे, हे तर स्टेबलकॉइन! मोबाइलमधलं नाणं असतं ते. क्षणात लांब पाठवा, भाव हलत नाही. जितकी नाणी, तितक्या खऱ्या नोटा मागे ठेवलेल्या असतात."

"ठेवलेल्या असतात, की ठेवल्यात असं सांगतात?"



मग एकदा मावशी पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट टम्म सुजलं. न्हाव्याने बातमी सांगता सांगता अख्खा हातच तोडून टाकला. वाणी म्हणाला, "आता बटणं कोटालाच लावा!" झालं. दुपारी दुकानापुढे ही झुंबड! ज्याच्याकडे चुरगळलेला सदरा नव्हता त्याने अंगातला काढला. मास्तर चादरीत, न्हावी टॉवेलात.

एक जरी माणूस सदऱ्याला इस्त्री न होता परत गेला, तर साऱ्या गल्लीच्या बटणांची माती होणार. तिने इस्त्री डाव्या हातात घेतली. पहिल्या सदऱ्याची घडी तिरकी आली, पण कडक आली. दुसरा बरा झाला. तिसऱ्याला रांगेत कुजबुज सुरू झाली.

"अहो, ही तर देतेय!"

"मग माझं बटण राहू द्या माझ्याकडेच. सदरा काय, उद्याही होईल," चादरीतले मास्तर म्हणाले.

"आधी अंगात काहीतरी घाला," मावशी म्हणाली, "मग व्यवहार बोला."

रांग पांगली. संध्याकाळी वाणी पुन्हा बटणं घेत होता, वर तोंड करून.

पुढे पुष्कळ वर्षांनी, आयुष्याच्या अगदी शेवटच्या संध्याकाळीही ती वाण्याचाच सदरा पोचवायला गेली. त्याने बटण तिच्या हातावर ठेवलं आणि कॉलर निरखत बसला.

"बघताय काय? घाला," म्हणाली, आणि रस्ता ओलांडून घरी आली.