शेंदूर लागलेला गोळा

दसऱ्याला आमच्या घरी हातोड्या-छन्न्या ज्याच्यापुढे मांडतात, तो शेंदूर फासलेला गोल दगड म्हणजे तोफेचा गोळा आहे, हे मला विद्यापीठातल्या एका बाईंनी सांगितलं. असे जुने गोळे कुठल्या खाणीतले, याचा त्या शोध घेत होत्या. प्रयोगशाळेसाठी त्यांना गोळ्याचा नखाएवढा तुकडा हवा होता, आणि ताडून पाहायला एक आमच्या खाणीतला.

वडील पाथरवट. शेवगावच्या बाजूला दगड पारखावा तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. त्यांनी गोळ्यावर रुपयाचं नाणं वाजवून पाहिलं. "ह्यो आपल्या खाणीतला न्हाई. आवाजच येगळा हाय. तुकडं मी काढून देतो उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पुड्या दिल्या. वर नावं घालून मी पाठवल्या.

अहवाल आला. दोन्ही तुकडे एकाच खाणीतले, आमच्याच. मी चक्रावलो. मग हा गोळा आमच्याच पूर्वजांनी घडवला? कुणासाठी? की नावं घालताना मीच घोळ घातला? पण पुड्यांची अदलाबदल झाली तरी दोन दगडांचा एक कसा होईल? शाळेत भूगोल शिकवतो मी, तरी काही सुधरेना.

चहाच्या टपरीवर हे बोलून बसलो, तिथंच चुकलं. "म्हाताऱ्याचं कान गेलं," म्हणत लोक हसले. वडील समोरच होते, पण गप्प. एरवी दगडाबद्दल कुणी शिकवायला गेलं तर अंगावर येणारा माणूस. मला त्यांची कीव आली आणि रागही.

घरी येऊन मी गोळा सगळीकडून फिरवून पाहिला. कुठंच टवका निघालेला नव्हता.

"अण्णा, दोन्ही तुकडे खाणीतलेच दिले तुम्ही?"

"व्हय. शेंदूर लागल्यावर छन्नी लावायची न्हाई, बापानं आण घातलीय."

"मग लोक हसले तेव्हा सांगायचं ना."

"सांगितलं आसतं तर बाईनं पुन्ना तुकडा मागितला आसता."

मी बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी खरंच पुन्हा तुकडा मागितला. वडिलांनी हातोडी-छन्नी आणून माझ्या हातात दिली. "तुला पायजे ना? तू काढ."

मी छन्नी टेकवली. शेंदराचं मला काही नाही, आणेचंही नाही. पण वडील तोंड फिरवून उभे राहिले आणि माझा हात उठेना. का, ते मला अजून कळलेलं नाही. बाईंना मी तुकडा मिळणार नाही असं कळवलं.

टपरीवर लोक अजून हसतात. आता मीही वडिलांशेजारी गप्प बसतो.