आमच्या तालमीची पेनल्टी

कोल्हापुरात फुटबॉलवर सदर लिहिणाऱ्याला लोक पहिला प्रश्न खेळाचा विचारत नाहीत. “कुठल्या पेठेचा?” असं विचारतात. उत्तर दिलं की निम्मं गाव तुम्हाला वाचायचं सोडतं आणि उरलेलं निम्मं घरचा गडी धरतं. मी शाहूपुरीतल्या कचेरीत बसून लिहितो, पण माझी पेठ सगळ्यांना पाठ आहे. त्याला कारण आबा, म्हणजे माझे वडील. आमच्या पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की त्यांचा आवाज पलीकडच्या गॅलरीत पोचायचा.

एका मोसमात आमची तालीम अगदी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर जिंकली. गुलाल उधळला, मिरवणूक निघाली. मी मात्र सदरात लिहिलं, की आमचा गडी कुणाचा धक्का न लागताच पडला, त्याला नाटकाच्या स्पर्धेत उतरवा.

झालं, मी घरभेदी ठरलो. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर दूध प्यायला गेलो. समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात द्यायची आमच्याकडची रीत. गवळ्यानं मला सोडून सगळ्यांना दिलं. म्हणाला, “दूध संपलं बघा, पावणं.” मला पावणं! त्याच्यासमोर लहानाचा मोठा झालोय मी. म्हैस अजून धार देत होती. मला हसूच फुटलं.

घरी मात्र हसू पळालं. आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी पानावर समोर असताना आईला म्हणायचे, “त्येला म्हणावं, आमटी वाढून घे.” आई वैतागायची, “टपालवाली हाय व्हय मी?” मला फार लागलं ते. गावाचा राग सोसतो, बापाचं गप्प राहणं सोसत नाही. माफी मागावी असं रोज वाटे, पण मागायची कशाची? गडी आपणहून पडला होता.

नव्या मोसमात मी पत्रकारांच्या बाकावर बसलो होतो. तिथं टाळी वाजवायची नाही असा दंडक. सामना सुरू व्हायच्या आधी आबा आले आणि आपली गॅलरी सोडून माझ्या शेजारी टेकले. उत्तरार्धात आमच्या तालमीनं गोल मारला, पंचांनी गोलची शिट्टी दिली, अख्खी गॅलरी नाचायला लागली. आबा अर्धे उठले, माझ्याकडं बघून परत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मग माझ्या कानाशी वाकले.

“लिव की. ऑफसाईड हुता त्यो.”

माझे डोळे भरून आले. पुढचा खेळ मी शेजारच्या वार्ताहराला विचारून लिहिला.